चुंबळीखालची जागा

"अवं, डोळे उघड ना," मंगरू म्हणाला.

"उघडेच हायेत," रेवताबाई म्हणाली.

मंगरूच्या हातातला चहा बशीत सांडला. रात्री चांगली असलेली बायको सकाळी ओळखू येत नव्हती. कपाळ फुगून भुवयांवर उतरलं होतं, भुवया डोळ्यांवर, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी उरल्या होत्या. भिंतीला उशा आणि गोधड्या रचून ती बसल्या बसल्याच झोपली होती, कारण डोकं उंच ठेवायचं, आडवं व्हायचं नाही, असा केस लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता. मंगरूने बशी खाली ठेवली आणि नागपूरला लेकीला फोन लावला.

"ज्योत्सना, तुह्या आईचं तोंड कोहळ्यावानी झालं न वं. आता कसं करू?"

"काही नाही करायचं बाबा. डोक्यातली सूज खाली उतरून राहिली. जाते आपोआप. कपाळाले बर्फ लावा, पन केस लावले तिथं नाही लावायचा. स्प्रे मारून राहिले ना?"

"मारून राहिलो. बाटली हातातून सुटत नाही माह्या."

"आन् तिले खाजवू देऊ नका."

"थे नाही खाजवत. तिचं पाहून मलेच खाज सुटली."

रेवताबाईला हसू आलं. पण हसलं की कपाळ ताणायचं, म्हणून तिने ते गिळलं.

ढिवर मोहल्ल्यातली रेवताबाई कोंढ्यापासून अड्याळपर्यंत मासोळीवाली म्हणून ठाऊक. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी कमरेखाली रुळायची. "एवढ्या केसाले तेल कोन पुरवते?" असं कुरकुरत सासूने साऱ्या मोहल्ल्यात सुनेच्या केसांचं कौतुक केलं होतं. पुढे त्याच सासूने आपला टोपला त्याच केसांवर ठेवला. तलावावरून गावात आणि गावातून बाजाराला, सारं पायी. टोपल्यातून पाणी ठिबकायचं, टोपल्याखालची कापडाची चुंबळ भिजायची, आणि भिजलेली चुंबळ एकाच जागी घासत राहायची. आधी तिथले केस विरळ झाले, मग तुटले, मग उगवायचेच थांबले. टाळूवर बांगडीएवढी गोल गुळगुळीत जागा झाली. टोपला उतरला की पदर वर, हे हाताला इतकं अंगवळणी पडलं होतं की नवऱ्यानेही ती जागा कधी नीट पाहिली नव्हती. त्या टोपल्याने घरावर स्लॅब टाकला, लेकीला नर्सिंगला धाडलं. रेवताबाईला टोपल्याचा अभिमान होता आणि जागेची लाज होती. दोन्ही एकाच डोक्यावर, आणि ती दोन्ही सांभाळून चालत आली होती.

ज्योत्सना नागपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नर्स. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने हसत हसत सांगितलं, की लग्न ठरलेली पोरं येतात, डॉक्टरीणबाई त्यांचे मागचे केस एकेक करून काढतात आणि टकलावर लावून देतात, अन् नवरदेव आरशात बघत बसतात. सगळे हसले. रेवताबाईही हसली. ज्योत्सना परत गेल्यावर मात्र तिला आईचा फोन आला. आधी आईने जेवणाची चौकशी केली, मग हवेची, आणि मग म्हणाली, "बाईमानसाचे लावत नाही का वं?"

ज्योत्सनाला जुनी गोष्ट आठवली. लहानपणी एकदा आईच्या डोक्याला तेल लावायला गेली असताना तिने ती जागा पाहिली होती, आणि आईने हात झिडकारला होता. त्या झिडकारण्याचा अर्थ तिला आत्ता लागला.

डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासलं. मागचे केस दाट आहेत, लागतील म्हणाल्या. अट एकच घातली: या जागेवर पुन्हा ओझं ठेवायचं नाही, कधीच नाही, नाहीतर केलेलं पाण्यात जाईल. रेवताबाईने मान डोलावली. टोपला मोटारसायकलवर बांधून मंगरू बाजारात पोहोचवणार आणि ती बसून विकणार, असं नवरा-बायकोचं ठरलं.

गावाला विषय मिळाला. रेवताबाईची चुलतजाऊ आनंदाबाई, तीही मासोळीवालीच, आणि जिभेला धार तिच्या विळ्यापेक्षा जास्त. तिने नळावर जाहीर केलं, "रेवताच्या डोस्क्यावर धानाचा रोवणा लावला मनते. आता चिखल करा न् बांधीत पानी सोडा."

"रोवणा लागला का धान बी होते, मना तिले," रेवताबाईने घरात बसून उत्तर धाडलं. सुजलेल्या तोंडाने तिला बाहेर पडता येत नव्हतं, पण ऐकून घेण्यातली ती नव्हती.

सूज उतरली. मग धुण्याचा सोहळा सुरू झाला. लहान मुलांच्या शाम्पूचा फेस मंगरूने हलक्या बोटांनी नुसता टेकवायचा, चोळायचा नाही, आणि पेल्याने अगदी जवळून पाण्याची बारीक धार सोडायची. तेलाला बंदी. जाळ्याची तुटकी गाठ शोधणारी मंगरूची बोटं बायकोच्या टाळूवर भीत भीत फिरायची. एक दिवस खपल्या गळल्या आणि खाली काळे खुंट दिसले. मंगरूने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. रेवताबाईने तो पुन्हा पुन्हा मागून पाहिला.

आणि मग ते खुंट उशीवर सापडू लागले. सकाळी उठावं तर आणखी थोडे. तिने लेकीला फोन केला. "गेले वं सारे."

"जातातच आई. वरचे केस गळतात, मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे येतील. मी सांगतलं होतं तुले."

सांगितलं होतं खरं. पण सांगितलेलं आणि उशीवर पडलेलं यात फरक असतो.

त्याच आठवड्यात मासेमारांच्या सोसायटीने तलावात त्या वर्षीचं पहिलं जाळं टाकायचं ठरवलं.

या गावात पहिल्या जाळ्यातली पहिली टोपली मातामायला, गावदेवीला, जाते. तलावाच्या मातीच्या पाळीवरून निघायचं, धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून थेट मातामायच्या चौथऱ्यावर, आणि वाटेत टोपली जमिनीला टेकवायची नाही. ती नेण्याचा मान एका घराचा असतो. रेवताबाईच्या आजेसासूपासून तो मान तिच्याच घरात होता. कोणा वर्षी त्या घरची बाई उभी राहिली नाही, तर मान पुढच्या घराला जातो आणि परत येत नाही. पुढचं घर आनंदाबाईचं.

"तब्येतीचं सांगून पाहू का?" मंगरूने विचारलं.

"सांगा. आन् मान देऊन या हातोहात."

ज्योत्सना सुट्टी काढून आली. आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिला सगळं समजलं. "मी नेईन ना आई. तुह्याच घरची तं आहो."

रेवताबाई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "तुह्या डोस्क्यावर येऊ नये म्हनून थो टोपला माह्या डोस्क्यावर राहिला. एक दिवस बी नाही चालनार."

"मग आनंदाकाकूले नेऊ दे."

"थे बी नाही."

"मग काय, तू ठेवशीन? मुळं कच्ची हायेत अजून. सारं वाया जाईन."

रेवताबाईने सूप पुन्हा हाती घेतलं.

जाळ्याच्या दिवशी अख्खा मोहल्ला पाळीवर होता. गडी माणसं छातीभर पाण्यातून जाळं ओढत आली, आणि काठाशी रोहू-कतला उसळू लागले. सोसायटीतला सगळ्यांत म्हातारा बाबूलाल टोपली भरायला बसला. आनंदाबाई डोक्यावर चुंबळ ठेवून तयारच उभी होती. मातामायने ऐनवेळी हाक मारलीच तर उशीर व्हायला नको.

टोपली भरली. बाबूलालने मान वर करून रेवताबाईकडे पाहिलं. मोहल्ल्याला ऑपरेशन ठाऊक होतं, तसं त्यालाही होतं. त्याला विचारायचं होतं, पण कसं विचारावं ते सुचेना.

रेवताबाईच पुढे झाली. "मामाजी, एक इचारू का जी? रीत डोस्क्याची हाय का टोपलीची?"

बाबूलालने हात धोतराला पुसले. घाई करणारा माणूस नव्हता तो. "टोपलीची," तो शेवटी म्हणाला. "जमिनीले टेकू नये, एवढंच आमच्या बुढ्यानं सांगतलं. डोस्क्याचं कायी बोलला नाही."

"मंग द्या इकडं."

तिने दोन्ही हात पुढे केले आणि गच्च भरलेली टोपली कडेवर घेतली.

"कडेवर?" आनंदाबाई म्हणाली. "लेकरू हाय का थे? आन् टेकली तं मान गेला, याद ठेव."

"तू मांगं राह्य आन् पाह्यत राह्य," रेवताबाई म्हणाली आणि चालू लागली.

डोक्यावरचं ओझं मानेतून पाठीत आणि पाठीतून पायात उतरतं. कडेवरचं ओझं कुठेच उतरत नाही, ते लोंबकळत राहतं. पाळीची पहिली चढण संपायच्या आत तिचे खांदे भरून आले. पाण्याने लुगडं एका बाजूने चिंब झालं, आणि एक रोहू टोपलीच्या बांबूच्या कांबीतून शेपटी काढून तिच्या बरगडीवर फटके मारत होता. ऊन चढलं होतं. टाळूला ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून ज्योत्सनाने मागून छत्री उघडून आईच्या डोक्यावर धरली.

"रानीसाहेब निंगाल्या रे," पाण्यातून कोणीतरी म्हणालं, आणि पाळ हसली. रेवताबाईची मान ताठच होती. टोपल्याने तिला दुसरं काही शिकवलं नसलं तरी मान ताठ ठेवायला शिकवलं होतं.

सांडव्यापाशी वारा सुटला आणि पदर घसरला.

तिचा हात उठला. जन्मभर उठत आला होता तसा उठला, आणि लगेच टोपली कलंडायला लागली. तिने तो हात पुन्हा टोपलीखाली घातला. मागे सगळी पाळ होती, सासरची वडीलधारी माणसं होती, तिच्या हाताखाली मासे विकायला शिकलेल्या पोरी होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर तिची टाळू उघडी होती. नवे केस गळून गेलेले, जुने कधीचेच नाहीत, नुसती गुलाबी गोल जागा आणि तीवर बारीक ठिपके. इतकी वाईट ती जागा कधीच दिसली नव्हती.

"आई, पदर," ज्योत्सना म्हणाली आणि रिकामा हात पुढे केला.

रेवताबाईचे कान तापले होते. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं तिला. पण सांडवा ओलांडेपर्यंतच. मग तिच्या लक्षात आलं की मागे कोणी हसत नाही, आणि टाळूला गार वारा लागतोय. कितीतरी वर्षांत तिथे वारा लागला नव्हता. पाहा, तिने मनात म्हटलं, नीट पाहून घ्या. या तलावाची मासोळी एवढ्याशा जागेवरून बाजाराला गेली.

"राहू दे," ती म्हणाली.

धुऱ्यावर वाट अरुंद झाली. एकदा तिला गुडघा वर करून टोपली मांडीवर पेलावी लागली. आनंदाबाई अगदी पाठीशी आली. "ठेव वं खाली, मरशीन," ती म्हणाली, आणि त्यात निम्मी आशा होती आणि निम्मी काळजी. रेवताबाईने गुडघा सोडला आणि पुढचं पाऊल टाकलं. आता हात तिचे राहिले नव्हते. चौथऱ्यापर्यंत टोपली कशी गेली हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही, पण गेली, आणि वाटेत कुठे टेकली नाही.

मातामायपुढे टोपली ठेवल्यावर तिची बोटं उघडेनात. ज्योत्सनाने एकेक बोट सोडवलं. मागून येऊन बाबूलालने नारळ फोडला आणि पहिला तुकडा रेवताबाईला दिला. "मान तुह्याच घरी हाय बरं," तो म्हणाला. तिने सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि खोबरं खाल्लं.

लोक जाळ्याकडे परतले. आनंदाबाई मात्र रेंगाळली. इकडेतिकडे पाहत ती छत्रीखाली आली आणि तिने आपल्या डोक्यावरची कोरडी चुंबळ काढली.

"पोरी," ती ज्योत्सनाला हळूच म्हणाली, "माह्यं पाह्य बरं जरासं." आणि तिने मान खाली घातली.

तिथेही तशीच गोल जागा होती, रेवताबाईच्या जागेपेक्षा थोडी मोठीच. रेवताबाई पाहत राहिली. दोघींनी सारा जन्म एकीमागे एक टोपले नेले, भांडल्या, एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली, आणि एकीने दुसरीची टाळू कधी पाहिली नव्हती.

"दुखते का वं तिथी?" आनंदाबाईने खाली मानेनेच विचारलं.

"नाही. खाज सुटते," रेवताबाई म्हणाली. "पन खाजवाचं नाही."

ज्योत्सनाने दोघींवर सावली येईल अशी छत्री सरकवली. तेवढ्यात धुऱ्यावरून बाया बोलत येताना दिसल्या. आनंदाबाईचा हात पदराकडे गेला. तिने रेवताबाईच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.