उंच ठेवलेली कड

आमचे हे मुकादम. छत्तीस वर्षं रूळ राखण्यात गेली. मग गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले आणि आता त्या वाटेवर हौशी लोक सायकली फिरवणार म्हणे. फिरवा बापडे! मला एवढंच हवं होतं की फाटकाजवळची ही खोली आमच्याकडे राहावी. पुन्हा नवं बिऱ्हाड मांडायचं त्राण माझ्या गुडघ्यांत नाही.

वाटेच्या कामावरचा साहेब पोरगेला, पण भला. म्हणाला, "काका, वाट नीट करून द्या. पुढे राखणदार तुम्हीच, खोलीही तुमचीच."

यांनी जीव ओतला. पण मोठ्या वळणावर मुरूम घातला तो बाहेरची कड चांगली वीतभर उंच ठेवून, वळणावर गाडी बाहेर कलंडू नये म्हणून ठेवायचे तशी. हाताला सवयच ती! पाहणीला साहेबाच्या वरच्या बाई चालत आल्या आणि घसरून थेट आतल्या चरात बसल्या.

"काका, इथून म्हातारी माणसं चालणार, चाकाच्या खुर्च्या जाणार," साहेब म्हणाला. "शनिवारपर्यंत सपाट करा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

"अहो, गाडी येणार नाहीये आता."

"माहीत आहे. मी काय वेडा आहे? पण वळण असं सपाट करायला माझा हात धजत नाही."

दोन दिवस समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! शुक्रवारी मीच फावडं घेऊन गेले. दहा वेळा ओढलं आणि छातीचा भाता झाला. हा माणूस जन्मभर हेच करून घरी यायचा आणि मी दारातच कटकट सुरू करायचे. लाज वाटली मला.

हे मागून आले. फावडं घेतलं. "बस तू," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत राबले. सगळी कड खरवडली, फळी ठेवून पाहिली. बोटभरही चढ उरला नव्हता. मी तशीच साहेबाकडे जाऊन आले.

"राहिली हो खोली!" मी दारातूनच सांगितलं.

"तुझी सोय झाली ना? बरं झालं."

रागाने म्हणाले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. पण हे अगदी मनापासून म्हणाले.