पांढऱ्या केसांना इस्त्री

मी केस रंगवायचं सोडलं त्यामागे काही मोठं कारण नव्हतं. कोणी वारलं नव्हतं, डॉक्टरांनी मना केलं नव्हतं. एका रविवारी कलपाची वाटी एका हातात, ब्रश दुसऱ्या हातात, मानेभोवती जुना टॉवेल अशी आरशासमोर उभी होते आणि मला कंटाळा आला, बस्स. वाटी बेसिनमध्ये ओतली, टॉवेल धुवायला टाकला आणि चहा केला. वर्षभरात सगळं डोकं पांढरं झालं. आमचे हे म्हणाले, "बरं दिसतंय." सून म्हणाली, "आई, झकास!" मी दोघांनाही विचारलं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं.

आमचं दुकान सूट, कोट, शर्ट मापाने शिवून देणारं. मी तिथे एकतीस वर्षं आहे. त्यातली पहिली बावीस मागच्या खोलीत, इस्त्रीवर. त्या खोलीला खिडकी एकच, तीही हात पोचणार नाही इतकी उंच, आणि आत चार इस्त्र्यांची वाफ. लोक म्हणतात, आमचे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत. माझेही उन्हात नाही झाले, त्या वाफेत झाले. मग एक दिवस मास्तरांनी, म्हणजे आमच्याकडे कापड बेततात त्यांनी, मला बाहेर बोलावलं. गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कोटाला पाठीत चुणी पडत होती आणि तिचं मूळ काही सापडत नव्हतं. मी एकदा बघितलं आणि म्हटलं, "पाठीचं काही नाही, यांचा डावा खांदा खाली आहे." तेव्हापासून गेली नऊ वर्षं फिटिंगचं काउंटर माझं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, मी त्याच्याभोवती फिरते, टाचण्या लावते, खडूने खुणा करते. ही जागा मला कोणी आंदण दिलेली नाही.

गेल्या वर्षी मालकांनी कारभार मुलीकडे सोपवला. तिला आम्ही छोट्या मॅडम म्हणतो. हुशार आहे, राबते, खोटं कशाला बोलू? पण कानामागून आली आणि तिखट झाली, हेही खरं. एका शनिवारी दुपारी तिने मला ऑफिसात बोलावलं.

"मावशी, एक सांगायचंय. रागावू नका हं."

असं कोणी म्हटलं की मी आधी रागावून घेते, मग ऐकते.

"फिटिंगचं काउंटर म्हणजे दुकानाचा चेहरा," ती म्हणाली. "तुमचे केस जरा अस्ताव्यस्त दिसतात. एक तर पांढरे, त्यात असे उभे राहिलेले. सोमवारपासून रंगवून या ना. नाहीतर मग मागे इस्त्रीला बसा. तिथे तुमच्यासारखं जाणकार माणूस हवंच आहे."

"माझ्या कामात काही खोट?"

"छे! काम उत्तमच आहे."

"आणि मास्तरांचं काय? त्यांच्या डोक्यावर एक काळा केस दाखवा, मी आत्ता कलप लावते."

"त्यांना शोभतं ते," ती म्हणाली, आणि हे ती अगदी सहज म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं त्या खोलीत काढून मी बाहेर आले होते, ती माझ्या हाताच्या आणि डोळ्यांच्या जोरावर. आता केसांच्या रंगावरून परत आत? मी म्हटलं, "सोमवारी बघा," आणि उठले.

घरी येईपर्यंत एक पक्कं झालं होतं. रंगवायचे नाहीत. मागेही जायचं नाही. पण तो 'अस्ताव्यस्त' शब्द काही केल्या डोक्यातून निघेना. पांढरे म्हणाली ते म्हणाली, पण माझ्या हातून गेलेली वस्तू चुरगळलेली आहे असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. सोमवारी असे केस घेऊन जायचं की तिला ते बघून तोंड उघडायला जागा राहू नये, असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी सून बाजारात गेली होती. तिचं केस सरळ करायचं यंत्र कपाटात होतं. दोन पट्ट्या, मध्ये केस धरायचे, खाली ओढायचे. त्याला आकड्यांची छोटी खिडकी, दोनशे तीसपर्यंत जाणारी. मी मनात म्हटलं, आली मोठी शहाणी, ही इस्त्रीच तर आहे. आणि उष्णतेचं मला कोण शिकवणार?

तिथेच चुकलं. पांढरा केस बोटांना राठ लागतो. मी तो चाचपला आणि निदान केलं: जाड सुती. जाड सुतीला काय करतात? पाणी शिंपडतात आणि कडक इस्त्री फिरवतात. मी कपाळावरची बट घेतली, कपड्यावर शिंपडतात तसं बोटांनी पाणी शिंपडलं, आकडा दोनशे तीसवर नेला आणि बट पट्ट्यांत धरली.

चर्र आवाज झाला. वाफेचा लोट डोळ्यांसमोरून गेला आणि जळका वास सुटला. हिसका देऊन यंत्र काढलं तर बट सरळ झाली होती, पण टोकाकडची चार बोटं पिवळीधमक.

हे वर्तमानपत्र घेऊन दारात आले. वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आज डोळ्यांनी बघितलं."

मी असं बघितलं की ते वर्तमानपत्रासकट परत फिरले. मग मी पलंगावर बसले आणि खरं सांगते, रडले. केसांसाठी नाही. दुसऱ्या दिवशी पिवळी बट घेऊन छोट्या मॅडमसमोर उभं राहायचं आणि तिने म्हणायचं, "मावशी, मी सांगतच होते," या विचाराने.

सून आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिने यंत्राचा आकडा बघितला, माझी बट बघितली, बेसिनमधलं पाणी बघितलं.

"आई, ओल्या केसांवर? दोनशे तीसवर?"

"शिंपडलं थोडंसं."

"अहो, केसातलं पाणी आतल्या आत उकळतं! आणि काळा केस भाजला तर कळत तरी नाही. पांढऱ्यात रंगच नाही, तो लगेच पिवळा पडतो." मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला कुर्ता इस्त्री करायचा असतो तेव्हा तुम्ही काय सांगता? आधी चिंधीवर बघ, मग कापडाला हात लाव. चिंधीवर बघितलंत?"

सुनेने सासूला सुनावलं, तेही सासूच्याच शब्दांत. आमच्या धंद्यात हा पहिला नियम. पहिल्या दिवशी आलेल्या पोरीलाही मी हाच शिकवते. एकतीस वर्षांत मोडला नाही तो रागाच्या भरात स्वतःच्या डोक्यावर मोडला.

"कात्री आण," मी म्हटलं.

"मी नाही कापणार."

"तुला कोण सांगतंय? नुसती आण."

पिवळं तेवढं मीच कापलं. कपाळावर एक छोटा झुपका उरला आणि तो ताठ उभा राहिला.

मग बाई, म्हणजे मीच, कामाला लागल्या. फणीत अडकलेले केस काढले, त्यांच्या बारीक बारीक जुड्या केल्या आणि पांढऱ्या बशीत ठेवल्या. ही माझी चिंधी. यंत्र थंड झाल्यावर पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या तर फडकं तपकिरी झालं. "हे काय गं? इस्त्रीचा तळ असा ठेवतात? पांढऱ्या शर्टावर डाग नाही पडणार?" असं म्हणून मीही थोडं वसूल करून घेतलं. सुनेने दुसरं फडकं आणून दिलं.

पहिली जुडी दोनशेवर. बशीवर ठेवून बघितली, पिवळी. दुसरी एकशे ऐंशीवर. सून म्हणाली पांढरी आहे, मी म्हटलं खिडकीत ने. उजेडात नेली तर किंचित साय धरल्यासारखी छटा. तिसरी एकशे पन्नासवर, एकदाच फिरवून. ती खिडकीत नेली, बशीवर ठेवली, माझ्या पांढऱ्या रुमालावर ठेवली. पांढरी ती पांढरीच.

"रेशमाचं तापमान," मी म्हटलं. हाताला राठ लागतात, पण जात रेशमाची. इतकी वर्षं डोक्यावर वागवले आणि मला माहीत नव्हतं.

केस धुतले. पार कोरडे होईपर्यंत दोघी जेवलो, भांडी घासली. मग सुनेने उष्णतेपासून वाचवणारा तिचा स्प्रे सगळीकडे मारला आणि तो वाळू दिला. पुढचे केस मी घेतले, मागचे तिने. पातळ बटा, प्रत्येक बटेवर एकच फेर, आणि मध्ये कुठे थांबायचं नाही. थांबली इस्त्री की गेलं कापड, एवढं मला कोणी सांगावं लागलं नाही. तासाभराने आरशात बघितलं तर खांद्यापर्यंत नीट उतरलेली चांदी होती. मी वयाने कमी दिसत नव्हते. मला तसं दिसायचंही नव्हतं.

सोमवारी दुकानात मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं आणि पुन्हा कापडावर वाकले. त्यांची हीच शाबासकी. दोन गिऱ्हाइकांनी केस कुठे करून घेतले ते विचारलं. अकराच्या सुमाराला छोट्या मॅडम आल्या.

"वा, मावशी! हे चालेल." ती मनापासून हसली. "रंगवले नाहीत तरी हरकत नाही. रोज असेच करून येत जा."

मी जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते 'चालेल' कानात शिरलं आणि मला माझीच लाज वाटली. रविवारचा अख्खा दिवस घालवून मी हिच्याकडून परवानगी आणली होती. माझ्याच डोक्याची.

"रोज नाही जमणार," मी म्हटलं. "आठवड्यातून एकदा. रोज चटका दिला तर हे केस तुटतात."

"मग बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस जसे उगवलेत तसे."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. गुरुवारी मी केस धुतले, वाळवले, फणी फिरवली आणि कामावर गेले. केस होते तसे उभे होते. भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही; ती वाफेची खोली मला काउंटरवरून दिसते.

दुपारी छोट्या मॅडम काउंटरपाशी आल्या. एक बाई ट्रायल रूममध्ये नवा कोट घालून बघत होत्या, म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, आपलं बोलणं झालं होतं. आजपासून मागे बसा."

मी खणातून दुकानाचं नाव छापलेला एक कागद काढला, तिच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"तुम्ही म्हणालात तेच. काम उत्तम आहे, पण केस पांढरे आणि उभे आहेत, म्हणून मागे बसवलं. खाली सही करा. मी हा कागद घेऊन निमूट आत जाते."

"मावशी, उगाच वाढवू नका."

"मी कुठे वाढवतेय? दोन ओळींचं काम आहे. बोलता आलं ते लिहिता येईल की."

मास्तरांची कात्री थांबली. छोट्या मॅडमनी एकदा तिकडे बघितलं, मग पेन उचललं. मानी पोरगी आहे, माघार घेणारी नाही. तिने वर तारीख घातली. त्याखाली लिहिलं, 'विषय', आणि पुढे दोन टिंबं दिली. पेन तिथेच राहिलं. ती वाकून कागदाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मावशी," ट्रायल रूममधून हाक आली, "ही बाही जरा बघता का? ओढल्यासारखी वाटतेय."

"आले," मी म्हटलं, टाचण्यांची डबी घेतली आणि गेले.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मी काउंटरवरच आहे. कागदही तिथेच आहे, मापाच्या टेपखाली ठेवलेला, आणि विषयापुढे अजून कोणी काही लिहिलेलं नाही.