बोल्टवरची पांढरी रेघ

आमची गाडी तीन लाख वीस हजार किलोमीटर पळालीय, आणि त्यातला एकही किलोमीटर कुठल्या मेकॅनिकच्या कृपेनं झालेला नाही. हे कारखान्यात फिटर होते. गाडीला दुसऱ्यानं हात लावला की ह्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. त्यामुळे बावीस वर्षं माझ्या सुट्ट्या गाडीपाशी गेल्या. पाना दे, फडकं दे, अगं हा नाही, चौदाचा! माझ्या बहिणी नटूनथटून फिरायला जायच्या आणि माझ्या नखांत काळंकुट्ट ग्रीस.

ह्यांची एक पद्धत आहे. बोल्ट पुरता आवळून झाला की बोल्ट आणि शेजारचं लोखंड, दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. "रेघ आहे म्हणजे काम झालंय," असं हे म्हणायचे, आणि ते खरंच असायचं.

गेल्या वर्षापासून ह्यांचा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. घरी आल्यावर मला म्हणतात, "चालवू नका म्हणाले. दुरुस्त करू नका म्हणाले का?" घ्या आता!

गाडी लेकीला द्यायची ठरली. ती नर्स आहे. तिची बदली घाटाखालच्या गावी झाली होती, आणि ड्युटीच्या वेळेला तिकडे बस नव्हती. आमच्या दोन वर्षांच्या नातीला मागं बसवून ती घाट उतरणार, म्हणून ह्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. मी म्हटलं, "एकदा गॅरेजमध्ये देऊ या ना."

"माझी नात बसणार आहे त्यात," हे म्हणाले. "परक्याच्या हातचं काम नको."

एरवी दोन तासांचं काम, त्याला दोन दिवस लागले. ह्या खेपेला मला जवळही फिरकू दिलं नाही. हात कापताना मी बघू नये म्हणून, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी चार वाजता लेक गाडी न्यायला येणार होती. दुपारी जेवून हे आडवे झाले, पण मला चैन पडेना. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागे हात जातो. तिथं पॅडची बैठक धरून ठेवणारे दोन बोल्ट असतात, एक वर, एक खाली. डाव्या चाकाचे बघितले. दोन्हींवर रेघा होत्या, वेड्यावाकड्या, पण होत्या. खालच्याला सहज बोट लावलं तर तो फिरला. पाना नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी! घाटाचा उतार, आणि मागच्या सीटवर ती चिमुरडी.

मी पाना आणला आणि जीव खाऊन आवळला. आवळून बघते तर रेघेचं एक टोक इकडे, एक तिकडे. रंगाची डबी कपाटात होती. जुनी रेघ पुसून नवी ओढायला कितीसा वेळ लागणार होता? झाकणही उघडलं. पण हात धजेना. त्या रेघेनं मला आजवर एकदाही फसवलं नव्हतं. मला भयंकर राग आला, ह्यांचा, त्या मेल्या आजाराचा आणि माझासुद्धा. ह्यांना सांगू तरी कसं? तेवढंच तर उरलं होतं ह्या माणसाकडे. बाकीचे बोल्ट बघायला निघाले तेवढ्यात हे उठले, आणि मी भित्र्यासारखी गप्प बसले.

चारला लेक आली. सामान चढलं, नात मागं आणि लेक पुढं बसली. काहीतरी निमित्त काढून गाडी थांबवायचीच, असं मी मनाशी ठरवत होते, तोवर हे टॉर्च घेऊन डाव्या चाकापाशी वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"बाबा, झालं का? उजेड आहे तोवर घाट उतरायचाय," लेक म्हणाली.

हे गाडीला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता आवाज चढणार. मीही भांडायला कंबर कसून उभी.

"तू आवळलास?"

"हो."

"किती ढिला होता?"

"बोटानं फिरत होता." खरं तेच सांगितलं.

हे लेकीकडे वळले. "खाली उतर. बाळाला पण घे. एक बोल्ट ढिला राहिला होता माझ्याकडून. आवळायच्या आधीच रेघ मारली मी. तुझ्या आईनं पकडलं."

"असू द्या हो बाबा, होतं असं कधीकधी."

"ब्रेकमध्ये होऊन चालत नाही," हे म्हणाले.

माझे डोळे भरून आले. चुकीची कबुली ह्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती, आणि आज ती लेकीसमोर, भर रस्त्यावर. ह्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्टिअरिंग वळवायला स्वतः सीटवर जाऊन बसले.

डाव्या चाकाचा वरचा बघितला. "घट्ट आहे," मी ओरडून सांगितलं. मग ह्यांनी स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवलं. मी उजव्या चाकामागे पाना घातला आणि खालचा बोल्ट ओढला. तो बारीकसा कुरकुरत हलला. मी श्वास रोखून हळूच आवळला.

"घट्ट आहे!"

"खोटं बोलू नकोस," सीटवरून आवाज आला. "पाव फेरा फिरला. ऐकू आलं मला."

मी पाना बाहेर काढला.

"आता वरचा बघ," हे म्हणाले.