तिला कोणी नाही

छापखान्यात जिची एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, त्या मावशीच्या हातून म्हातारपणी एक चूक झाली. चूक तीन शब्दांची होती, पण ती सत्तर हजार लोकांनी वाचली.

सगळे तिला मावशीच म्हणायचे. खरी मावशी ती एकाच मुलीची, चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या भाचीची. पण गाणाऱ्या मंडळातल्या साठीच्या माणसांनीही तेच नाव उचललं होतं. मंडळ मास्तरांचं. शाळेत गाणं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून त्यांनी ओळखीपाळखीची बावीस माणसं जमवली. वाचनालयाच्या तळघरात रविवारी सराव, आणि दर गुरुवारी दुपारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गाणं. तिसरा मजला म्हणजे जिथून सहसा कोणी घरी परत जात नाही तो वॉर्ड. तिथे पलंगाशेजारी उभं राहून हळू आवाजात गायचं, रुग्णाने हात हलवला की थांबायचं, एवढाच नियम.

पाच वर्षांत बावीसचे चौदा झाले. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे राहायला गेलं, दोघं त्याच तिसऱ्या मजल्यावर गेले ते परत आले नाहीत. तेव्हा भाचीने मंडळाचं पेज काढून दिलं.

"मजकूर तू लिहायचास, मावशी. शुद्धलेखन तरी बरोबर येईल."

सहा महिने मावशीने शुद्ध लिहिलं. ‘दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. इच्छुकांनी संपर्क साधावा.’ इच्छुक कोणी नव्हतं. लाइक करणारे मंडळातलेच बारा-तेरा. मास्तर इतके उत्साही की दोनदा दाबायचे, आणि दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं लाइक निघून जायचं, हे त्यांना कोणी सांगायला धजावत नव्हतं.

मग कंडक्टरबाई आल्या. कोपऱ्यातला खिडकीजवळचा पलंग. बसमध्ये अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडलेली बाई, अंगात आता हाडांशिवाय काही उरलं नव्हतं, पण आवाज शाबूत. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मास्तरांना दटावलं, "अहो, एवढं हळू काय गाताय? मी अजून मेले नाहीये!" आणि मास्तरांनीच बांधलेल्या एका गाण्याचं धृपद दोनदा ऐकून तिसऱ्यांदा स्वतःच धरलं. सुरात नव्हतं, पण असं खणखणीत की बाजूच्या पलंगांवरची माणसं कुशीवर वळून बघायला लागली. भाचीने ते फोनवर टिपलं. "टाकू का हे, बाई?" तिने विचारलं. "टाक की. जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणून ओरडले, आता जरा गाणं ऐकू देत." बाईंनी परवानगीच्या कागदावर सहीसुद्धा केली. नातेवाइकांच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "मला कोणी नाही."

मावशीने घरी येऊन तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिला भरून आलं. आणि भरल्या डोळ्यांनी तिने लिहिलं, ‘तिला कोणी नाही. म्हणून आज आम्ही तिचे.’ एकही काना-मात्रा चुकला नव्हता.

शनिवारपर्यंत पेजची दशा पालटली. माणसं रडत होती, हात जोडत होती, पुढे पाठवत होती. एक्केचाळीस जणांनी मंडळात यायचंय असं कळवलं. भाची दुकानातून तासातासाला आकडा कळवायची. मास्तर म्हणाले, "आता वाचनालयवाल्यांकडे वरचा हॉल मागू या." मावशीचेही पाय जमिनीला लागत नव्हते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी भाजी निवडता निवडता तिने पेज उघडलं. हजारभर कमेंटच्या खाली, कोणी लाइक न केलेली एक ओळ होती.

‘मी तिचा मुलगा आहे. मी जिवंत आहे. तिला कोणी नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

मावशीने भाजी बाजूला सारली. तिने तो माणूस कोण ते पाहिलं. दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणारा, चाळिशीच्या आसपासचा, नाक थेट कंडक्टरबाईंचं. तिने त्याला खाजगीत लिहिलं, ‘माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं.’ उत्तर लगेच आलं. कामावर जेवणाच्या सुट्टीत सोबत्याने फोन पुढे केला होता, बघ किती छान गाते ही म्हातारी म्हणून. अकरा वर्षांनी आई दिसली ती अशी. आजारी आहे हेही त्याला माहीत नव्हतं. ‘ती कुठे आहे एवढं सांगा.’

इथे मावशी अडली. व्हिडिओत रुग्णालयाचं नाव नव्हतं. आणि बाईंनी रकान्यात रेघ मारली होती, ती काही चुकून मारलेली नव्हती. ‘त्यांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही,’ तिने लिहिलं. ‘पण आजच विचारते.’

मावशीने फोन करून हे सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकते म्हणाली, तशी भाची तडक घरी आली. "अगं, व्हिडिओ काढून टाकू नकोस हं. वाक्य बदल हवं तर. एक्केचाळीस माणसं, मावशी! सहा महिने आपण काय माशा मारत होतो?"

"आपल्या आईला कोणी नाही, हे त्याने वाचलं गं, जेवणाच्या डब्यासमोर बसून. माझ्या एका वाक्यात."

"तिनेच सांगितलं होतं ना तसं?"

"सांगितलं होतं. पण ते तिचं बोलणं होतं. मी ते खरं म्हणून छापलं."

भाची चप्पल घालून निघून गेली. मावशीने व्हिडिओ काढून टाकला, आणि रविवारचा सराव बुडवून तिसरा मजला गाठला.

कंडक्टरबाई उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होत्या. मावशीने स्टूल ओढलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं जीभ कुठे गहाण टाकली होती त्याने?"

"ते मला माहीत नाही."

"त्याच्या लग्नाला मी गेले नाही. मुलगी पसंत नव्हती मला. का नव्हती ते आता आठवतसुद्धा नाही बघ." त्यांनी पांघरुणाची कड बोटांत धरून चुरगळली. "माझ्या दारात तो दोनदा आला होता. मी कडी काढली नाही. तिसऱ्यांदा आला नाही. मग मी वाट बघत बसले, आणि राग धरला तो तिसऱ्यांदा आला नाही म्हणून."

बाईंनी हात पुढे केला. "फोटो आहे का त्याचा?"

मावशीने फोन दिला. बाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "केस गेले मेल्याचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदाच चिरकला. "येऊ दे. पण तो आला की ते गाणंबिणं नको. आणि तो फोन तर अजिबात नको."

मंगळवारी दुपारी तो आला. कामाच्या कपड्यांतच, नखांत काळं वंगण, हातात फळांची पिशवी. जिन्याच्या तोंडाशी मावशी उभी होती. एवढ्या लांबून आलेला माणूस दारापासून दहा पावलांवर येऊन थांबला, आणि भिंतीला हात लावून उभा राहिला.

"त्या रागावल्यात का?" त्याने विचारलं.

"थोड्या. तुम्ही आत जा. कडी नाहीये त्या दाराला."

हे तोंडातून गेलं आणि मावशीने जीभ चावली. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि आत गेला. सिस्टरने पडदा ओढून घेतला. आत काय बोलणं झालं ते मावशीला कळलं नाही. तिने कधी विचारलंही नाही. बऱ्याच वेळाने पडद्यामागून एवढंच ऐकू आलं, "सरक जरा. उजेड अडवतोयस."

तो परत गेला नाही. खुर्चीतच राहायचा. गुरुवारी मंडळ आलं तेव्हा बाकीच्या पलंगांपाशी गायलं, खिडकीजवळच्या पलंगाकडे पाठ करून. सोमवारी सकाळी कंडक्टरबाई गेल्या. सहा दिवस मिळाले दोघांना. त्याची बायको पाचव्या दिवशी पोचली होती. बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता, असं सिस्टर म्हणाली.

जाताना तो मावशीला म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलेलो होतो. अजूनही थोडा आहे." मग म्हणाला, "पण ते वाक्य नसतं लिहिलंत, तर मी आता कुठे असतो?"

"म्हणून ते वाक्य बरोबर होत नाही," मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने त्याला फोनवर विचारून, एकेक शब्द वाचून दाखवून, पेजवर लिहिलं. ‘काही दिवसांपूर्वी मी एका बाईंबद्दल लिहिलं होतं की त्यांना कोणी नाही. ते खोटं होतं. मी विचारलं नव्हतं. त्यांना मुलगा होता, सून होती, आणि शेवटच्या दिवसांत दोघं त्यांच्याजवळ होते. यापुढे आम्ही रुग्णांचे व्हिडिओ टाकणार नाही. तुमच्यापैकी कोणाला आपल्या माणसासाठी गाणं हवं असेल, तर लिहा. आम्ही गाऊन पाठवू.’

सत्तर हजारांपैकी बहुतेक पांगले. एक्केचाळीस जणांतले पस्तीस पुन्हा बोललेच नाहीत. पण त्रेसष्ट उत्तरं आली, आणि ती वेगळी होती. कोणी आईसाठी गाणं मागितलं, कोणी समुद्रावर नोकरीला गेलेल्या नवऱ्यासाठी. एका बाईने लिहिलं, ‘माझा भाऊ याच गावात राहतो. आठ वर्षं झाली.’ पुढे काहीच नव्हतं. मावशीने त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना उत्तर लिहिलं, नावानिशी, प्रत्येकाला वेगळं. त्याला नऊ दिवस लागले. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिच्या उत्तराची वाट न बघता माणसं एकमेकांनाच लिहायला लागली होती. आठ वर्षंवालीला कोणीतरी लिहिलं होतं, ‘माझी चौदा.’

भाची दोन आठवडे फिरकली नाही. आली ती सरळ तळघरात, सरावाच्या वेळी, हातात एक छापील कागद घेऊन. मंडळाने कोणाचंही काही पेजवर टाकण्यापूर्वी विचारायच्या प्रश्नांचा. पहिलाच प्रश्न होता: हे दुसरीकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कोणाला कळायला हवं?

"शुद्धलेखन बघ," ती म्हणाली.

मावशीने वाचला. ‘तुमच्या’वरचा एक अनुस्वार जास्तीचा होता. तो तिने पेन्सिलीने खोडला आणि भाचीच्या पाठीवर हात ठेवला. भाचीने तो झटकला नाही.

त्या रविवारपासून सराव सगळ्यांना खुला केला. अकरा नवी माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मास्तरांनी वाचनालयातून बाकं आणवली. सगळ्यात मागे, दाराजवळच्या बाकावर, अंगावरची शाल न काढता एक बाई बसली होती. तिने नाव सांगितलं नाही, गायलीही नाही. कोणी तिला पुढे ये म्हणालं नाही. दुसऱ्या रविवारी तशीच. तिसऱ्या रविवारी तिच्याबरोबर एक पुरुष होता, पांढऱ्या मिशांचा, नाक तिच्यासारखंच. दोघं एकाच बाकावर, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा ठेवून बसले होते.

गाण्याचे कागद पुरे नव्हते. मावशीने त्या दोघांत मिळून एकच दिला.