वणांसकट काढलेला फोटो

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे, मित्रांनो. भांडुप स्टेशनबाहेर दत्ताराम यांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे तीन पायांवर उभं राहून मी उमेदीची वर्षं काढली. लग्नासाठी पाठवायचे फोटो काढावेत ते दत्तारामांनीच, असं लोक म्हणत. कारण ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवत आणि सावळी मुलगी उजळ करून देत. त्या कौतुकात माझाही वाटा असायचा.

त्र्याऐंशी साली सुनंदाबाई आपल्या मुलीला, प्रेमाला, घेऊन आल्या. प्रेमा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लहानपणी आलेल्या देवीचे वण तिच्या गालांवर होते. दत्तारामांच्या पेन्सिलीने ते पार नाहीसे केले. सुनंदाबाई खूश झाल्या.

काही आठवड्यांनी ती एकटीच आली.

"दत्ताकाका, दुसरा फोटो काढा. पेन्सिल लावू नका."

"का गं, काय झालं?"

"मुलगा बघायला आला होता. त्याच्या आईने मला बघितलं, फोटो बघितला आणि विचारलं, ही धाकटी का? फोटोतली कुठे आहे?"

"अगं, पण वण दिसले तर लोक फोटो बघूनच नाही म्हणतील."

"म्हणू देत ना. साडी नेसून, पोहे देऊन मग नकार ऐकायचा, त्यापेक्षा बरं."

मी ती जशी होती तशी टिपली. तो फोटो बऱ्याच घरांतून परत आला. सुनंदाबाई दत्तारामांवर रागावल्या, त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. शेवटी कांदिवलीच्या सहदेवकडून होकार आला.

लग्नानंतर दोघं जोडीचा फोटो काढायला आले. दत्तारामांनी सवयीने हळूच विचारलं, "जावईबापू, तेवढे वण घालवू का?"

"नको, राहू देत," सहदेव म्हणाला. "माझ्या आईच्या गालांवर असेच होते. मी लहान असतानाच ती गेली. मला वाटायचं, आईचा चेहरा असाच असतो. दुसऱ्यांच्या आया मला कोऱ्या वाटायच्या."

प्रेमाला हे माहीत नव्हतं. ती चटकन त्याच्याकडे वळली आणि फोटो हलला. दत्तारामांनी लगेच दुसरा काढला, चांगला स्वच्छ. पण न्यायला आली तेव्हा तिने हललेलाच मागून घेतला. त्या दिवसापासून दत्ताराम गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पेन्सिल उचलत नसत.

पुढे रंगीत फोटो आले, छोटे कॅमेरे आले. मला माळ्यावर ठेवलं. माझा चामड्याचा भाता उंदरांनी कुरतडला आहे, भिंगावर बुरशी धरली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी पडून असेल, तर अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा.

आणि कोणी एखाद्या मुलीचा फोटो हातात धरून तिला नापास करायला बसलं असेल, तर त्याला एवढंच विचारा, लहानपणी तू कोणाचा चेहरा बघत मोठा झालास?