बुटांच्या कपाटातलं इंग्रजी

बाबा टपालकचेरीत पत्रं निवडायचे. पत्त्यावर नजर पडायच्या आत हात चालायचा आणि पत्र बरोबर त्या गल्लीच्या खणात पडायचं. परदेशी टपालाच्या विभागात जायचं त्यांचं जुनं स्वप्न होतं, पण इंग्रजीच्या परीक्षेत ते दोनदा आपटले होते. तिसरी संधी शेवटची होती.

शिकवणार मी, शाळेतली इंग्रजीची बाई. एका क्रियापदामागून दुसरं आलं की ते कधी 'टू' घेऊन येतं आणि कधी 'आयएनजी' लावून, इथेच त्यांचं घोडं अडायचं. माझ्या वर्गातली पोरं मला टरकून असतात, बाबा मात्र खुशाल जांभया द्यायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा माझा पारा चढला, तेव्हा आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "अगं, त्यांना नियम कशाला सांगतेस? पत्ते दे."

मला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मी जुन्या पाकिटांवर क्रियापदं लिहिली, बुटांच्या कपाटातले दोन खण रिकामे केले. होप, डिसाईड, प्रॉमिस 'टू'च्या गल्लीत. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड 'आयएनजी'च्या. 'बिगिन' हातात धरून बाबा थबकले. हे दोन्हीकडे चालतं, असं मी सांगितलं. म्हणजे कोपऱ्यावरचं घर, म्हणत त्यांनी ते कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. पंधरा दिवसांत चुकून एखादंच पाकीट भरकटायला लागलं.

परीक्षा झाली. महिनाभर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही.

मग एका दुपारी बाबा कामावरून आले ते दारातच खुर्ची टाकून बसले. जेवायलाही उठेनात. तीन वाजता पोस्टमन आला आणि त्याने खात्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. पास झाले होते. मी आनंदाने चक्क रडले.

पोस्टमनने हसत चुगली केली. पाकीट सकाळी सहालाच आलं होतं आणि बाबांनीच ते आमच्या गल्लीच्या खणात टाकलं होतं.

आईने कपाळावर हात मारला. "अहो, नऊ तास जीव टांगणीला लावून बसलात? तिथेच फोडायचं की."

"दारात येईपर्यंत पत्र आपलं नसतं," बाबा म्हणाले. "वाढ आता, भूक लागलीय."