बँकॉकची प्लेट

माझं तोंड फाटकं. आमच्या आळीत कुणालाही विचारा, पारीच्या तोंडी लागू नको असंच सांगतील. खरं बोलून मी शंभर माणसं दुखावली असतील, त्याचं मला काही नाही. पण एकदा खोटं बोलले, तेही दादाशी, आणि ते अजून माझ्या घशात अडकून बसलंय.

दोन वर्षांपूर्वीची, सत्त्याण्णव सालची गोष्ट. रोह्यात स्टँडजवळ प्रविणने 'सात बंदरं' नावाचं हॉटेल काढलं. प्रविण दहा वर्षं बोटीवर खानसामा होता. बोट लागेल तिथं उतरायचा, रस्त्यावरच्या गाड्यांवर खायचा आणि कृती वहीत उतरवून आणायचा. भिंतीवर पाटीच होती: बैरूतचा हरभऱ्याचा वडा, शांघायची वाफवलेली करंजी, मेक्सिकोची मक्याची पोळी, बँकॉकच्या शेवया. सगळं छोट्या छोट्या प्लेटीत. लोक आधी हसले. मग धाटावच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटली की तिथं बसायला जागा मिळेना.

मला एकच हौस, दादाला तिथं न्यायचं. दत्तात्रेय माझा थोरला भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीसुद्धा तोच घालायचा. आमचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, घरचाच गणपतीचा कारखाना. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे मात्र दादाच आखायचा. पेणचे व्यापारी मूर्ती उचलायच्या आधी विचारायचे, "डोळे दत्ताच्याच हातचे ना?" तुम्ही कुठंही उभे राहा, बाप्पा तुमच्याकडंच बघायचा.

आमच्या आबांनी घालून दिलेली एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या मूर्तीचा डोळा आखला की आखणाऱ्याने विसर्जनापर्यंत मासळी, मटण, अंडं शिवायचं नाही. आम्ही खाडीकाठची माणसं, ताटात सुकट नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. आषाढात घराघरांत चिवण्या माशांचं कालवण शिजायचं आणि दादा आपला वरणभात कालवत बसायचा. मला त्याची कीव यायची आणि खरं सांगू, रागही यायचा.

त्या आषाढात तीन निरोप धाडले, तेव्हा कुठं तो आला. संध्याकाळी पाचला त्याला घेऊन गेले. शेजारच्या टेबलावर आमच्या आळीतल्या बायका बसल्या होत्या. त्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हा माझा दादा, जोह्याचा."

पण दादा कशाला हात लावेना. करंजीत मटण. पोळीवर अंडं. बैरूतचा एक वडा खाल्ला आणि रुमालाने हात पुसत म्हणाला, "बस झालं गो. तू खा, मी बघतो."

शेजारच्या बायका गालात हसल्या. माझं डोकंच फिरलं. महिनाभर मी या दिवसाची वाट बघत होते, आणि हा एका वड्यावर उठायला निघाला! मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. म्हटलं, "प्रविण, बँकॉकची प्लेट कर. मटण नको, अंडं नको."

तो म्हणाला, "दोन्ही काढतो, ताई. पण बाटलीतलं मासळीचं पाणी घालायला लागतं. त्याच्याशिवाय चव नाय."

"घाल. चमचाभर पाण्याने काय होतंय?"

"त्यांना सांगाल ना?"

"सांगते की," मी म्हटलं.

प्लेट आली. दादाने पहिला घास घेतला आणि त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडं बघितलं.

"पारे, यात मासळी नाय ना गो?"

"नाय रे दादा! निव्वळ कोबी आणि शेवया. माझ्यावर भरवसा नाय काय तुझा?"

तो हसला. म्हणाला, "तुझ्यावर नाय तर कुणावर ठेवू?"

आणि मग जो काय जेवला! दुसरी प्लेट त्याने स्वतःहून मागवली. मी निलाजरी, जग जिंकल्यासारखी त्याच्याकडं बघत होते.

गणपतीला आठ दिवस उरले तेव्हा हाताखाली मदतीला म्हणून मी जोह्याला गेले. दादा मांडी घालून डोळे आखत होता. मी रंग कालवता कालवता सहज म्हणून गेले, "पुरे झालं तुझं सोवळं! त्या प्लेटीत मासळीचं पाणी होतं. दोन-दोन प्लेटी चापल्यास, बाप्पाने काय डोळे वटारले?"

मी एकटीच हसले. दादाने ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला आणि आबांच्या जुन्या डब्यात ठेवून दिला.

"मला पहिल्याच घासाला कळलं होतं," तो म्हणाला. "खाडीच्या माणसाला मासळीची चव सांगायला लागते व्हय? पण तू नाय म्हणालीस, म्हणून मी माझ्या जिभेला खोटं ठरवलं."

मी त्याचे पाय धरले. दादा, चुकले, मार मला, म्हटलं. तो म्हणाला, "रागावलो नाय गो." रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला मी तोंड दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा ब्रश उचलला. दोन मूर्तींवर टेकवला आणि दोन्ही वेळा रेघ पुसली. "डोळा एका दमात आखायचा असतो," म्हणाला. "मनात आलं, बरोबर हाय का चुकतंय, की रेघ मोडते." राहिलेल्या नव्वद मूर्तींचे डोळे शेजारच्या हमरापूरहून माणूस बोलावून आखून घेतले. दादा पितांबर रंगवायला लागला, तो आजतागायत पितांबरच रंगवतो.

यंदा आषाढात तो अचानक रोह्याला आला. दारातूनच म्हणाला, "चल, प्रविणकडं जाऊ."

त्याने बँकॉकचीच प्लेट मागितली. प्रविणने माझ्याकडं बघत त्याला विचारलं, "दादा, ते पाणी घालू?"

"घाल की. आता मला कसली बंदी?"

प्लेट आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. दादाने एक घास घेतला, हळूहळू चावला आणि माझ्याकडं बघितलं. अगदी तसंच, दोन वर्षांपूर्वीसारखं.

"पारे, यात मासळी हाय ना गो?"

"हाय, दादा."

"व्हय," तो म्हणाला, "मला बी तसंच लागलं." आणि शांतपणे जेवायला लागला.

मी हातातला घास खाली ठेवला. पदर तोंडाशी धरून मी रडत बसले, शेजारच्या टेबलावरच्यांनी बघितलं तर बघू देत. दादाने प्लेट संपवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पेणच्या गाडीची वेळ विचारली. यंदाही डोळे हमरापूरच्याच माणसाने आखले.